परुझलकाका

परुझलकाका तुमच्याही सोसायटीत आहेत. दिसले नसतील तर मागच्या विंगमध्ये चौकशी करा. रिटायर्ड माणूस, सोसायटीचे सेक्रेटरी (बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही), खिशाला दोन पेनं, त्यातलं एक फक्त सहीचं, आणि काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर. आमच्या अंबरनाथला हे पीक जरा जास्त येतं. ऑर्डनन्स, विम्को, धरमसी मोरारजी, नंतर आनंदनगर एमआयडीसी. एवढ्या कारखान्यांच्या ऑफिसांत एवढी वर्षं इंग्रजी पत्रं बडवली गेली, की काहींचे भोंगे थंडावले तरी पत्रातलं इंग्रजी मात्र गावातच मुक्कामाला राहिलं.

'फॉर युवर काइंड परुझल.' या चार शब्दांशिवाय काकांच्या हातून कागद सुटत नाही. पाणीपट्टीच्या बिलाची झेरॉक्स, ऑडिटरचा रिपोर्ट, गच्चीवर वाळत घातलेल्या गोधडीविषयीची तक्रार, सगळं परुझलसाठी. लिफ्ट बंद असल्याची नोटीस इतकी सविस्तर, की ती वाचून होईपर्यंत लिफ्ट चालू झाली. मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तीही म्हणे परुझलसाठी. जेवायला यायचं की नाही ते आम्ही काकूंना विचारून घेतलं. डॉक्टरांपुढे एक्स-रे धरून तेच. व्हॉट्सॲपवर सकाळी गुलाबाचं फूल येतं, खाली 'फॉर परुझल अँड नेसेसरी ॲक्शन'. फुलावर काय ॲक्शन घ्यायची, हे ग्रुपमध्ये आजवर कुणी विचारलेलं नाही.

एकदा उल्हासनगरच्या गजानन मार्केटात ते पॅन्टपीस घ्यायला गेले. बरोबर मी होतो. शिंप्यानं लिहून दिलेली मापाची चिठ्ठी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला म्हणाले, "फॉर युवर परुझल." तो गठ्ठ्यांत शोधू लागला. थोड्या वेळानं मान वर करून म्हणाला, "अंकल, परुझल का माल आजकल आता नहीं. टेरीकॉट दूँ?" काकांनी टेरीकॉट घेतलं. वर बिलावर पोच मागितली.

पोच हा काकांचा दुसरा प्राण. कुठल्याही कार्यालयात गेले की आधी आवक-जावकचं टेबल शोधायचं, ओसी, म्हणजे ऑफिस कॉपी, पुढे करायची, शिक्का, तारीख, सही. शिक्का पुसट उठला तर दुसरा मारायला लावतात. आता याला स्वभावदोष म्हणावं, तर आमच्या गावाची परंपराच तशी आहे. शिवमंदिराचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, आणि त्यात शिलाहार राजाच्या बरोबरीनं त्याच्या अधिकाऱ्यांचीही नावं हुद्द्यांसकट कोरलेली आहेत. अंबरनाथची ती पहिली ऑफिस कॉपी. काकांना फक्त त्यावर शिक्का दिसत नाही याची खंत आहे.

बी विंगमधल्या इंग्लिश मीडियमच्या एका पोरानं मध्यंतरी पंगा घेतला. "काका, परुझ म्हणजे नुसतं चाळणं. वरवर नजर फिरवणं." काका पांढरे पडले. घरी जाऊन वीरकर डिक्शनरी घेऊन खाली आले आणि मुलाला उभ्यानं शिकवणी दिली: परुझल म्हणजे बारकाईनं, अक्षर न् अक्षर वाचणं. मुलानं मोबाइल काढला. खरं तर दोघंही बरोबर होते. शब्दाचा रूढ अर्थ लक्षपूर्वक वाचणं हाच. पण लोक तो चाळण्यासाठीही वापरत आले, आणि बऱ्याच इंग्रजी कोशांनी आता दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसवलेत. काका बारकाईच्या अर्थानं पत्र पाठवतात, कार्यालयं चाळण्याच्या अर्थानं ते वाचतात. तरी सगळा व्यवहार एकाच शब्दात सुरळीत चालतो.

मुलाच्या मोबाइलवर आणखी एक गोष्ट निघाली. पाचशेक वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा वाचण्याशी संबंधच नव्हता. वापरून वापरून संपवणं, झिजवणं, असा अर्थ होता. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हां. उंबरठे झिजवणं. हेच मी इतकी वर्षं लिहितोय."

मराठीत लिहा की, असं त्यांना सगळेच सुचवतात. राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, राज्याचा कारभार मराठीतून चालतो, हे काकांनाही पाठ आहे. त्यांनी एकदा एका कार्यालयात 'अवलोकनार्थ सादर' असं लिहून दिलं. टेबलावरच्या तरुण मुलानं विचारलं, "काका, अवलोकनार्थ म्हणजे पैसे भरायचे की परत घ्यायचे?" काका परुझलवर परत आले. शिवाय टायपिंगची इंग्लिश चाळीस पास झाल्यावर त्यांना नोकरी लागली होती. कारखान्यात साहेब मराठी अर्ज टेबलाच्या कडेला सरकवायचा आणि इंग्रजी अर्जावर सही करायची की नाही, याचा निदान विचार करायचा. एवढं पाहिलेल्या माणसाला भाषाभिमान शिकवायला मी जात नाही.

आणि एक कबूल करायला हवं, जिवावर येऊन का होईना. तळमजल्यावरच्या आजींची फॅमिली पेन्शन अडकली होती. मुलगा पुण्याला, सून कामावर, बँक कारखान्याकडे बोट दाखवणार आणि कारखाना बँकेकडे. आजींच्या पिशवीतले सगळे कागद काकांनी रात्री बसून वाचले. चाळले नाहीत, वाचले. सर्व्हिस बुकात आजींचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. ते आधीच्या कुणाच्याच नजरेला आलं नव्हतं. मग काकांनी अफिडेव्हिट करून घेतलं, 'अफोरसेड' आणि 'हिअरविथ' खच्चून भरलेलं पत्र लिहिलं, लोकलनं चार-दोन खेपा घातल्या, प्रत्येक खेपेची पोच फोल्डरला लावली. पेन्शन सुरू झाली. आजींनी बेसनाचे लाडू दिले, तेव्हा डबा हातात घेऊन काका म्हणाले, "परुझ करून सांगतो."

तेव्हा तुमचा कागद कुठं अडकला असेल, तर मागच्या विंगमध्ये जा. संध्याकाळी जा, दुपारी ते झोपतात. ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स न्या. ते मसुदा मोठ्यानं वाचून दाखवतील, तो शेवटपर्यंत ऐका आणि मध्ये मोबाइल बघू नका.