सकाळी काय खाल्लं?

तरुणांना बोलू द्यायला हवं, यावर आपल्याकडे कुणाचंच दुमत नसतं. सत्काराच्या भाषणात, युवक महोत्सवाच्या उद्घाटनाला, निवडणुका तोंडावर आल्या की तर हमखास, सगळे हेच सांगतात. अडचण एवढीच, की हे सांगताना माइक त्यांच्या हातात असतो आणि तो काही ते सोडत नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मागच्या इमारतीत तरुणांसाठी सामुदायिक रेडिओ केंद्र निघालं, तेव्हा माइक खरोखरच पोरांच्या हातात द्यायची वेळ आली. मराठी शिकवते म्हणून केंद्र माझ्या गळ्यात पडलं. “मॅडम, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे, तुम्हाला जमेल,” असं प्राचार्य म्हणाले. रेडिओवर ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत, हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तोवर किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवून झाला होता.

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. पण सातबाऱ्यावर नाव चढायला जितका वेळ लागतो, तितकाच ही मालमत्ता जनतेच्या हाती यायलाही लागला. २००२ च्या अखेरीला आधी शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालं, ते देशातलं पहिलं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते २००६ मध्ये. मग २००८ साली आजच्या तेलंगणातल्या पस्तापूरला दलित शेतकरी बायकांचा ‘संगम रेडिओ’ बोलू लागला आणि आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’. आम्ही या वरातीत बरेच मागे होतो. अर्ज दिल्लीला गेला, तिथून गृह आणि संरक्षण खात्यांकडेही फिरून आला. आमच्या पोरांनी ‘शुभ सकाळ’ म्हणावं की नाही, यावर देशाच्या संरक्षण खात्यानं विचार केला, या गोष्टीचा पोरांना आजही अभिमान आहे.

एवढं होऊन मिळतं काय, तर जास्तीत जास्त १०० वॅटची ताकद आणि ३० मीटरच्या आतला मनोरा. सपाटीवर आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. डोंगर आडवा आला, की संपलं. डोंगरापलीकडची दोन गावं आमच्याच तालुक्यात आहेत, आमच्याच कॉलेजात त्यांची मुलं येतात, पण रेडिओच्या दृष्टीनं ती परदेशात आहेत.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीची जुन्या उत्तरपत्रिकांची खोली. भिंतींना गोधड्या ठोकल्यात, छताला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर सगळ्या मुलाखती हेलिकॉप्टरमध्ये घेतल्यासारख्या ऐकू येतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आमचे कार्यक्रम फार नेमके आणि थोडक्यात होतात. पलीकडे एसटी स्टँड आहे. शिवाय खिडकीशी आंबा आहे आणि आंब्यावर कोकीळ. ललित लेखकांनी या पक्ष्याला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय. ‘किशोरवयीन मुलींचं आरोग्य’ हा विषय रंगात आला असताना याच्या तानेपायी तिसरा टेक वाया गेला, की त्याच्याविषयी भलतंच काही लिहावंसं वाटतं.

पण पंखा, एसटी आणि कोकीळ यांच्यावर इलाज निघतो. खरा प्रश्न पोरांच्या घशात असतो.

आमच्याकडे सकाळी डेअरीला दूध घालून कॉलेजला येणारा एक मुलगा होता. कँटीनमध्ये तो दुधाची फॅट लावणाऱ्या माणसाची अशी नक्कल करायचा, की चहावाला गॅस बंद करून ऐकत उभा राहायचा. त्याला म्हटलं, रेडिओवर ये. आला. माइक पुढे ओढला, खाकरला आणि एकदम मुंबईत गेला. “हाय हॅलो फ्रेंड्स! मी आहे तुमचा सगळ्यांचा लाडका...” पहिल्याच दिवशी हा सगळ्यांचा लाडका कधी झाला, कळेना. नाकातून इंग्रजी, वाक्यागणिक ‘सो’, आणि मध्येच असं हसू, की ऐकणाऱ्यालाच अवघडायला व्हावं. मुली येतात त्या आणखी वेगळ्या टोकाच्या. त्या बातम्या वाचणाऱ्या बाईंसारख्या बोलतात. घरी ‘आये, भूक लागली’ म्हणणारी पोर इथं ‘क्षुधाशांती’वर येते. दोघांची खात्री एकच, की आपण जसं बोलतो ते काही रेडिओवर बोलण्यासारखं नाही.

यावर औषध सापडलं ते योगायोगानं. रेकॉर्डिंगआधी आवाजाची लेव्हल घ्यावी लागते. मिक्सरवर बसलेली मुलगी सांगते, “काहीतरी बोल.” समोरचा विचारतो, “काय बोलू?” आणि यावर रेकॉर्डिंग करणारी माणसं ठरलेला प्रश्न टाकतात, “सकाळी काय खाल्लं?” तिनं त्या मुलालाही तेच विचारलं.

“सकाळी? शिळी भाकरी,” तो म्हणाला. “आईनं ताजी केलती, पर ती आबांस्नी. मला शिळीच आवडती. चुरायची, वरनं तेल-चटणी, कांदा फोडला की झालं. च्या कोराच. घरात तीन म्हशी हायत, पर च्याला दूध मागून घ्यावं लागतंय. कॅन भरला की उरंल ते आमचं. उरतच न्हाई. परवा धाकटीनं गुपचूप वाटीभर काढलं, तर आबा म्हनले, पाणी घालून कॅन पुरा कर. मग डेअरीत फॅट कमी लागली आन् शिव्या मी खाल्ल्या. म्हंजे सकाळी मी शिव्या पन खाल्ल्या. झाली का लेव्हल? करू का सुरू?”

लेव्हल झाली होती. कार्यक्रमही झाला होता. त्यानंतर त्यानं घसा साफ करून जे काही सुरू केलं ते आम्ही तासाभरातच पुसलं. आधीचं ठेवू का विचारलं, तर तो चकितच झाला. “मॅडम, हे कुठं कार्यक्रमात असतंय? हे तर घरातलं हाय.” मोठी मिनतवारी करून त्याची परवानगी मिळवली. तिथून ‘सकाळी काय खाल्लं?’ हा आमचा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम सुरू झाला. पहाटेची पहिली एसटी धरायची म्हणून काहीच न खाणारी मुलं त्यात बोलली. तिघा भावांचे डबे भरून स्वतः बिस्किटांवर भागवणारी मुलगी बोलली. रोजगार, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता असे जे विषय आम्हाला अहवालासाठी हवे असतात, ते सगळे भाकरीच्या पाठोपाठ आपणहून आले.

नियम मात्र पाठ करावे लागतात. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा पुढं ऐकवता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, गावची जत्रा आणि स्थानिक प्रशासनानं कळवलेल्या वीज-पाण्याच्या सूचना या बातम्यांत मोडत नाहीत. हे मी फळ्यावर लिहून दिलं, तेव्हा एका मुलीनं हात वर केला.

“मॅडम, उद्या टँकर येणार हे पंचायतीनं कळवलं, तर?”

“ती सूचना. सांगायची.”

“आणि टँकर आलाच नाही, तर?”

फळ्यावर त्याचं उत्तर नव्हतं. टँकर न आल्याची सूचना कुठलीच पंचायत देत नाही. मग त्या मुलीनंच वाट काढली. दुसऱ्या दिवशी तिनं पंचायतीची आदल्या दिवशीची सूचना जशीच्या तशी पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशीही वाचली. आवाजात कसलीही टिप्पणी नाही, नुसता शांतपणा. चौथ्या दिवशी टँकर आला. अशा पोरी पुढं पत्रकार होतात किंवा तहसीलदार. दोन्हीकडे त्या अडचणीच्याच ठरतात.

गाण्यांचं दुखणं वेगळं. तरुणांचं केंद्र म्हटलं, की ऐकणारा आधी सिनेमाचं गाणं मागतो, आणि सिनेमाच्या गाण्याला परवाना लागतो, रॉयल्टी लागते. आमच्या तिजोरीत चहाचे पैसे निघणं मुश्कील. म्हणून मुलं गावोगाव फिरून आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून आणतात, भजनी मंडळं पकडून आणतात, एकदोघं स्वतःच रॅप रचतात आणि त्यात ऊसतोडीचा कोयता हमखास येतो. या टंचाईचा सुगावा कवींना मात्र लगेच लागला. ‘युवा काव्यमंच’ जाहीर केल्यावर दारात जी रांग लागली, तिचं सरासरी वय साठीच्या आसपास असावं. एकानं सांगितलं, “मन तरुण आहे, मॅडम.” मन तरुण असलेल्यांना आम्ही बुधवार दिला.

पैशांविषयी लिहायचं तर थोडक्यात उरकतं. पूर्वी तासाला पाच मिनिटं जाहिराती चालत, मग सात झाली, २०२४ मध्ये सरकारनं ती बारा केली. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. पेपरात हे वाचून आमचे विश्वस्त फार खूश झाले. तासाला बारा मिनिटं, म्हणजे बहात्तर जाहिराती, गुणिले ७४, असा हिशेब त्यांनी जागच्या जागी पाकिटाच्या मागं केला. आमच्याकडे जाहिराती आहेत दोन. एक खतवाल्याची, दुसरी क्लासवाल्यांची. चपलांच्या दुकानदाराकडे मुलं स्वतःच केलेली जिंगल घेऊन गेली. त्यानं दोनदा ऐकली, मान डोलावली आणि विचारलं, “गावात चपलांचं दुकान एकच आहे. मग जाहिरात कशाला?” जाहिरातशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात याला उत्तर नसावं. जिंगल मात्र त्यानं मोबाइलमध्ये घेतली. हल्ली ती त्याची रिंगटोन आहे.

आता मुख्य गोष्ट. हे तरुणांचं केंद्र तरुण ऐकतात का? खरं सांगायचं तर फारसे नाही. रेडिओ नावाची वस्तू त्यांच्याजवळ नसते. काही मोबाइलमध्ये एफएम असतं, पण त्याला वायरवाला इअरफोन जोडावा लागतो, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. आणि आमच्या पोरांच्या कानात आता बिनवायरीची बोंडं. म्हणजे माझ्याकडे माइकसमोर बसलेल्या मुलाला बाहेर गेल्यावर स्वतःचंच केंद्र लागत नाही.

मग ऐकतं कोण? शिवणयंत्रावर बसलेल्या बायका, सलूनवाले, स्टँडवरचं हॉटेल, धारेच्या वेळी गोठ्यात रेडिओ लटकवणारी मंडळी, ट्रॅक्टरचे चालक. थोडक्यात, या पोरांचे आईबाप. ही बातमी पोरांना कळली तेव्हा केंद्रात भूकंप झाला. ‘दोस्तहो’ म्हणून आपण जे काही बोललो ते सगळं आबा ऐकत होते, ही कल्पना कुणालाच सहन होईना. दोघांनी तडकाफडकी राजीनामे दिले. बाकीच्यांनी टोपणनावं घेतली.

टोपणनावांचा उपयोग शून्य. एक मुलगी ‘चांदणी’ नावानं बोलायची. पदवी होईपर्यंत लग्न नको, झालीच तर पोलीस भरतीची तयारी करायची आहे, घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, असं एकदा ती बोलली. वाक्य सुरू करायच्या आधी थोडं हसायची तिची सवय आहे. काही दिवसांनी केंद्रावर एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं नाही. “ती तुमची चांदणी हाय न्हवं,” त्या म्हणाल्या, “तिला भरतीचा फॉर्म भरायला किती पैसे लागत्याल?” मी रक्कम सांगितली. “तिला सांगू नका,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. चांदणीनं फॉर्म भरला. पैसे कुठून आले, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर असे फोन ओळखायला मी शिकले. “आमचा घरात दोन शब्द बोलत नाही, तुमच्याकडं अर्धा तास कसा बोलतो?” अशी तक्रार करत एका मुलाचे वडील केंद्रावर आले होते. तक्रार करायला आले आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत काचेपलीकडे बसून राहिले. दुधाच्या वाटीचा किस्सा आबांपर्यंत पोहोचलाच. ते रागावले का, विचारलं तर मुलगा म्हणाला, “न्हाई. पर आता चहात दूध असतंय.”

म्हणून तरुणांचं केंद्र चालवण्यातली अडचण कोणती, असं कुणी विचारलं, तर मी पैसा सांगत नाही आणि नियमही सांगत नाही. दर जुलैमध्ये नवी मुलं येतात, त्यांना त्यांच्याच भाषेत बोलायला लावण्यात वर्ष जातं, बोलायला लागली की शेवटचं वर्ष संपतं आणि ती पुण्याला जातात. डेअरीवाला आता पुण्यात एका कंपनीच्या कॉल सेंटरवर आहे. तिथं त्याला पहिल्या दिवसापासून ‘हाय हॅलो’ बोलावं लागतं, आणि त्यासाठी पगार मिळतो. हे नुकसान आम्ही धरूनच चालतो. मुलं इथेच राहिली असती, तर आता आमच्याकडेही मन तरुण असलेल्यांचीच गर्दी झाली असती.

मध्यंतरी एक तज्ज्ञ येऊन गेले. सगळं पाहून त्यांनी सल्ला दिला, “मॅडम, मनोरा, परवाने, पंखा, हे कशाला? पॉडकास्ट करा. तरुण तिथंच आहेत.” त्यांचं बरोबर आहे. तरुण तिथंच आहेत आणि ते एकमेकांचं एकमेकांना ऐकवतातही. पण पॉडकास्ट शोधावा लागतो, आणि आपल्या मुलाच्या मनात काय आहे हे शोधायला कुठलाही बाप अ‍ॅप उघडून बसणार नाही. त्याला ते स्टँडवरच्या हॉटेलात, भज्यांच्या कढईच्या आवाजात, न मागता ऐकू आलं पाहिजे. म्हणजे मग उठायचं टाळून तो आणखी एक चहा मागवू शकतो आणि कुणी विचारलंच तर सांगू शकतो, की काही नाही, पाऊस थांबायची वाट बघतोय.