हायब्रिड गाडीची नाडीपरीक्षा

यंत्र जितके निर्धोक, तितका त्याचा मालक अस्वस्थ, असा एक नियम वाहनधारकांच्या वर्तनावरून मांडता येतो, आणि पेट्रोल इंजिन व विजेची मोटर या दोहोंच्या संगनमताने धावणाऱ्या हायब्रिड गाडीने त्याला बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरापर्यंत पुरावे मिळवून दिले आहेत. जुन्या डिझेल जीपचा मालक तिचा आवाज, धूर आणि थरथर यांवरून तिच्या प्रकृतीचे निदान करी, आणि ते बहुधा चुकत असले तरी त्यात त्याचा वेळ चांगला जाई. हायब्रिड गाडी मात्र बटन दाबल्यावर आवाज करत नाही, थरथरत नाही आणि तक्रारही करत नाही. त्यामुळे रिकाम्या झालेल्या मनाला चिंतेचा नियमित पुरवठा व्हावा, म्हणून तिच्या इंजिनाची आकडेवारी मोबाईलवर दाखवणारे ॲप बसवण्याची प्रथा रूढ होऊ लागली आहे.

दूरच्या गोष्टीवर नजर ठेवण्याची हौस मेहकरला नवी नाही. पैनगंगेकाठच्या या गावात शारंगधर बालाजीच्या मंदिराप्रमाणेच कंचनीचा पडका महालही प्रसिद्ध आहे. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा अशी कंचनीची इच्छा होती आणि देवीच्या कोपाने तिची शिळा झाली, अशी दंतकथा सांगितली जाते. दूरनिरीक्षणाच्या इतिहासात या प्रयत्नाची नोंद व्हायला हवी, कारण मोबाईलकडे एकटक पाहत स्टीअरिंगमागे बसलेल्या आधुनिक वाहनधारकाची अवस्था पाहता शापाची मुदत अद्याप संपलेली दिसत नाही.

प्रथम गाडीचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या बहिणींच्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकारात दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन असते आणि ते ॲटकिन्सन चक्रावर चालते. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे हे आधुनिक रूप असून, त्यात मिश्रण दाबण्याच्या टप्प्यापेक्षा ते जळून फैलावण्याचा टप्पा लांब ठेवलेला असतो. त्यामुळे पेट्रोलातून काम अधिक निघते, जोर थोडा कमी पडतो, आणि ती उणीव मोटर भरून काढते. मोटरची बॅटरी इंजिनाला जोडलेल्या जनरेटरवर आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवर भरते, म्हणून अशा गाडीला चार्जरची पिन लावण्याची जागाच नसते. ही गोष्ट कितीही वेळा समजावून सांगितली तरी “चार्जिंग कुठं करता?” हा प्रश्न विचारला जातोच, आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याआधी “ॲव्हरेज किती देते?” हा दुसरा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नावर विज्ञानाकडे इलाज नाही. दुसऱ्यासाठी ॲप आहे.

ॲपला माहिती मिळते ती ओबीडी नावाच्या सोळा पिनांच्या खाचेतून. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःच्या दोषांचे निदान स्वतःच करून ठेवण्याची व्यवस्था. तिचा जन्म मालकांच्या कुतूहलातून झालेला नसून कॅलिफोर्नियाच्या धुरकट हवेतून झाला. तेथील वायुप्रदूषण नियामकांनी आग्रह धरला आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत या व्यवस्थेची दुसरी पिढी सक्तीची झाली. भारतात ती भारत स्टेज चारच्या नियमांखाली २०१३ मध्ये आली आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाने तिला अधिक कडक केले. धूर मोजण्यासाठी सरकारने सक्तीने बसवून घेतलेल्या या खाचेचा उपयोग पुढे लोक सोयऱ्यांना ॲव्हरेज दाखवण्यासाठी करतील, हे कोणत्याही नियामकाच्या ध्यानात आले नसावे. खाच बहुधा स्टीअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्यांच्या वर असते. तिचे दर्शन घेण्यासाठी गाडीचे दार उघडून, पाय बाहेर ठेवून आणि मान पेडलपाशी नेऊन जे आसन करावे लागते, ते योगशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही; परंतु ते करणाऱ्यास रस्त्याने जाणारा प्रत्येक जण “बंद पडली काय?” असे आस्थेने विचारतो.

खाचेत बसवायचे काड्यापेटीएवढे यंत्र म्हणजे गाडीची भाषा मोबाईलच्या भाषेत सांगणारा दुभाषी. यांतील बहुतेक यंत्रे एल्म-३२७ नावाच्या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील छोट्या कंपनीने ही चिप बनवली, पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण ठेवले नाही, आणि त्यानंतर जगभर नकलांचे असे पीक आले की मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली तरी बाजाराला त्याचा पत्ता लागला नाही. कित्येक नकला स्वतःची ओळख ‘आवृत्ती १.५’ अशी करून देतात, आणि गंमत अशी की त्या क्रमांकाची आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. ज्याचा मूळ पुरुष कधी जन्मलाच नाही अशा घराण्याचे वंशज एवढ्या संख्येने नांदत असल्याचे उदाहरण वंशशास्त्रात विरळाच सापडेल.

जोडणीचा विधी यानंतर सुरू होतो. गाडी ‘रेडी’ अवस्थेत आणावी, मोबाईलचे ब्लूटूथ लावावे आणि यंत्राने परवलीचा आकडा मागितला की १२३४ द्यावा. तो नाकारला गेल्यास ०००० द्यावा. एवढ्या दोन किल्ल्यांत जगातील बहुतेक गाड्यांची अंतरंगे उघडतात, हे ज्ञान सुरक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. आयफोनधारकास हा मार्ग सहसा बंद असतो, कारण जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ अडॅप्टर त्या फोनशी बोलत नाहीत आणि त्याला वायफायचे किंवा नव्या धाटणीच्या ब्लूटूथचे यंत्र घ्यावे लागते. म्हणजे महागडा फोन असणाऱ्याने अडॅप्टरही निवडून घ्यावा, हा न्याय येथेही पाळला जातो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूटूथ यंत्र शोधण्याआधी ॲप ‘लोकेशन’ची परवानगी मागते. खाच, यंत्र, मोबाईल आणि मालक हे चौघेही एकाच गाडीत हातभर अंतरावर बसलेले असताना आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे उपग्रहाला विचारण्याची ही पद्धत तंत्रज्ञानाच्या नम्रतेची द्योतक मानावी.

जोडणी झाल्यावर ॲप प्रश्न विचारते आणि गाडी उत्तरे देते. प्रत्येक प्रश्नाला ठरलेला क्रमांक असतो आणि त्याला पीआयडी म्हणतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे तापमान विचारल्यावर गाडी शून्य ते २५५ यांमधील एक आकडा पाठवते आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. म्हणजे १३० आले तर तापमान ९० अंश. उणे ४० अंशांपर्यंतची थंडीही नोंदवता यावी म्हणून हा हिशेब ठेवला आहे, आणि मे महिन्यात मेहकरच्या उन्हात उभी असलेली गाडीदेखील प्रत्येक उत्तरात त्या ध्रुवीय संकटाची तजवीज करूनच बोलते. इंजिनाचे फेरे मात्र चौपटीने पाठवले जातात आणि ॲप त्यांना चाराने भागते. हे प्रश्न सर्व गाड्यांना समान असले तरी हायब्रिड बॅटरीविषयीचे खरे मर्म कंपन्यांच्या खाजगी क्रमांकांत दडलेले असते, ते हौशी मंडळींनी खटपटीने शोधून काढलेले असते, आणि त्यांची यादी ॲपमध्ये स्वतंत्रपणे भरावी लागते. दुसऱ्याच मॉडेलची यादी भरली गेल्यास बॅटरीचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करू लागते. अशा वेळी विझवण्याचे साहित्य आणण्याऐवजी यादी बदलणे पुरेसे असते.

सर्व यथासांग झाल्यावर पडद्यावर पहिला आकडा उमटतो, तो शून्य. इंजिनाचे फेरे शून्य, भार शून्य. जोडणी तुटली असे समजून नवशिका सर्व विधी पुन्हा करतो आणि पुन्हा शून्यच मिळवतो, कारण बाजारपेठेतील गर्दीत गाडी मोटरवर चालत असते आणि इंजिन बंद ठेवण्यातच तिचे कौशल्य सामावलेले असते. इंजिनाची आकडेवारी पाहण्यासाठी पैसे, वेळ आणि मानेचे स्नायू खर्च केल्यावर इंजिन जागेवर नाही एवढेच कळणे, ही स्थिती साहेबांना भेटण्यासाठी सरकारी कचेरीत गेलेल्या मेहकरकरास अपरिचित नसली तरी तिच्यासाठी ब्लूटूथ लागत नसे.

दुसरा धक्का बॅटरीच्या टक्क्यांचा असतो. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून नियंत्रक संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. ती साधारणतः ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान वर-खाली होत राहते. मोबाईल शंभर टक्के झाल्याशिवाय ज्या घरात कोणी झोपत नाही, तेथे ५२ टक्के हा आकडा आजारपणाचा वाटतो. बुलढाण्याहून खामगावकडे बोथा घाट उतरताना मात्र टक्के झपाट्याने वाढतात आणि मालकाचा चेहराही उजळतो. बॅटरी कमाल मर्यादेला पोहोचली की जादा ऊर्जा मुरवण्यासाठी संगणक इंजिनाला नुसतेच फिरवतो, आणि पडद्यावर फेरे भरपूर पण पेट्रोल शून्य असा चमत्कार दिसतो. याच घाटात पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचे परंपरागत शास्त्र पाळल्यास बॅटरी भरणे थांबते आणि पिढीजात काटकसरीतून शुद्ध तोटा निर्माण होतो. या एका धड्यापुरते तरी ॲपचे पैसे वसूल झाले, असे मानण्यास हरकत नाही.

ॲव्हरेजच्या प्रश्नावर ॲप वादात तेल ओतते. या जुळ्या गाड्यांसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा जाहीर झाला होता, आणि असे आकडे प्रयोगशाळेत, रोलरांवर जागच्या जागी चाके फिरवून, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या ठराविक चाचणीत मिळवलेले असतात. मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, नागपूर ते शिर्डी हा ज्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. तेथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ब्रेकचे काम पडत नाही, इंजिन अखंड चालते आणि ॲपमधला आकडा घसरत जातो. “हायवेला ॲव्हरेज जास्त” हा वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर जपलेला सिद्धांत या गाडीने उलटा केला असून, एसटी स्टँडपुढच्या कोंडीत ती अधिक काटकसर करते, हे सत्य लग्नाच्या पंगतीत सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

ॲपचा खरोखर उपयुक्त आकडा कोणी विचारत नाही, आणि तो म्हणजे बॅटरीचे तापमान. तिला थंड ठेवणारा पंखा अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढतो. शेतावरून येताना त्या जाळीवर तुरीचे पोते टेकवले, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात हा आकडा चढतो आणि पोते सरकवताच उतरतो.

या विद्येची परिसीमा मात्र वेगळ्याच ठिकाणी गाठली जाते. खाचेतील एका पिनेला गाडी बंद असतानाही वीज मिळते, त्यामुळे तेथेच खोचून ठेवलेला दुभाषी ऐकायला कोणी नसतानाही रात्रंदिवस जागा राहतो. हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी संगणकांना उठवण्याचे काम बारा व्होल्टची एक लहान बॅटरी करते, आणि मालक काही आठवडे परगावी गेल्यास दुभाषी नेमकी तीच पिऊन टाकू शकतो. मग गाडी ‘रेडी’ होत नाही, ॲपला जोडणी मिळत नाही, आणि गाडीच्या आयुष्यातील पहिला खरा बिघाड नोंदवण्याची संधी ज्याच्यामुळे तो झाला त्याच यंत्राच्या हातून निसटते. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून गाडी उठवणारा मिस्त्री कोणताही पीआयडी न विचारता वाकतो, खाचेतले यंत्र उपटून मालकाच्या तळहातावर ठेवतो आणि या विषयावरील आजवरचे सर्वांत संक्षिप्त निदान देतो: “मशीन चांगली हाये भाऊ, फकस्त गाडीले लावू नका.”