पाहुण्यांचा मजला

इंग्लंडात फुटबॉलच्या पाहुण्या पाठीराख्यांचा मान मोठा. न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्कमध्ये तर त्यांना थेट देवाच्या शेजारी बसवतात: एका कोपऱ्यात, सातव्या लेव्हलवर. चढायला चौदा जिने. गुडघे तिथेच हरतात, संघ नंतर. वरून शहर झकास दिसतं, खेळाडू मात्र चालण्यावरून ओळखायचे. समोरचं स्टँड उसळलं की समजायचं, गोल आपल्यावर झाला.

प्रीमियर लीगने 2016 पासून पाहुण्यांचं तिकीट 30 पौंडांवर रोखलं, ही कृपाच. पण टीव्हीवाल्यांच्या सोयीने सामना सोमवारी रात्री आठला लागला, तर लंडनहून चारशेवर किलोमीटर आलेल्या भक्ताची परतीची शेवटची गाडी सामना संपण्याआधीच सुटलेली असते. वाचवलेले पौंड मग हॉटेलवाला घेतो. दुःख बिअरमध्ये बुडवावं, तर 1985 च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी ग्लास धरता येत नाही. म्हणजे चार गोलांनी होणारा पराभव शुद्धीतच बघायचा! (यजमानांनाही तोच कायदा, पण त्यांना बुडवायला दुःख कुठे असतं?)

अर्जेंटिनाने 2013 मध्ये लीग सामन्यांना पाहुण्यांना बंदीच घातली. तेव्हा कुरकुर नको. तिकीट मिळालं तर जरूर जा, फक्त जिन्यासाठी वेळ हातात ठेवा.