एक चक्कर मारतो

कंपनीच्या बसला ड्रायव्हर नसतो, मामा असतो. वय पंचवीस असो की पंचावन्न, स्टिअरिंगवर बसला की तो अख्ख्या शिफ्टचा मामा. या मामांमध्ये काही जण गाडीत बसायच्या आधी गाडीला प्रदक्षिणा घालणारे असतात. आमच्या निगडी-चाकण बसच्या वाट्याला नेमके तसले मामा आले.

शिफ्ट सकाळी सातची. भक्ती-शक्ती चौकात आम्ही डबे सांभाळत अर्धवट झोपेत उभे असतो. समोर बस, बसचं दार बंद, आणि मामा बसच्या खाली. आम्हाला दिसतात फक्त चपलांमधले दोन पाय. कोणी वाकून विचारलं, ‘‘मामा, निघायचं ना?’’ की खालून आवाज येतो, ‘‘निघू की साहेब. एक चक्कर मारतो.’’

ही चक्कर सुरू होते जमिनीपासून. रात्रभर गाडी उभी होती तिथे काय सांडलंय, ते आधी पाहायचं. ओला डाग दिसला की बोट टेकवायचं, चिमटीत चोळायचं, नाकाशी न्यायचं. नुसतं पाणी निघालं तर मामांचा चेहरा जरा उतरतोच, असं मला नेहमी वाटतं. मग इंजिन चालू करून ब्रेकची हवा भरू द्यायची. मीटरचा काटा चढेपर्यंत बझर कोकलत राहतो आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या खिडक्या उघडू लागतात. मामांना त्याचं काही नाही. हवेच्या टाकीखालचा कॉक ओढून ते रात्री साचलेलं पाणी ‘फुस्स’ करून सोडतात आणि समाधानाने म्हणतात, ‘‘हे पानी ब्रेकात गेलं असतं.’’ आपल्याला अपराधी वाटतं. काही कारण नसताना.

खरा सोहळा टायरांचा. मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडीने. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा तोल सांभाळून धरतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून मामा लोखंडी टॉमी घेतात आणि बाजारात माठ घेताना बायका जसा वाजवून बघतात, तसा एकेक टायर वाजवतात. टणक आवाज आला की पुढे. आवाज भद्द आला की मामा थबकतात, मान तिरकी करतात, पुन्हा मारतात. या वेळी बोलायचं नाही. एकदा आमच्या अकाउंट्सच्या साहेबांना तेवढ्यात शिंक आली, तर मामांनी पुन्हा पहिल्या टायरपासून सुरुवात केली. जोडटायरच्या फटीत खडा अडकलेला असला तर तो उपसून काढतात आणि शेजारच्या झुडपात भिरकावतात. चाकाच्या नटाभोवती गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर मात्र कोणाची शिफ्ट चुको, मामा हलत नाहीत. नट ढिला होऊन घासतोय, याची ती खूण. पाना काढून, त्यावर स्वतःचं वजन टाकून आवळतात तेव्हा कुठे बसचं दार उघडतं.

टायर किती झिजला, हे बघायला मामा अंगठ्याचं नख खाचेत घालतात. एका नव्या सेफ्टी ऑफिसरने त्यांना सांगितलं, ‘‘मामा, नियमात १.६ मिलीमीटर लिहिलंय, खाचेत तेवढ्या उंचीची खूणपण असते. टायर घासत तिथवर आला की बदलायचा.’’ मामांनी नख दाखवलं. ‘‘आपलं त्याच्या आधीच सांगतं.’’ पुढे तोच ऑफिसर गेज घेऊन आला, मोजलं, आणि काही न बोलता गेज खिशात घालून निघून गेला.

कंपनीने तपासणीचा छापील तक्ता दिलेला आहे. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, संकटकालीन दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. प्रत्येकापुढे चौकट, चौकटीत टिक. काही ड्रायव्हर एक तारखेलाच चहा पीत महिनाभराच्या टिका मारून मोकळे होतात. असा तक्ता सुंदर दिसतो, ऑडिटवाल्यांना आवडतो. मामांना टिक म्हणजे कामचुकारपणा वाटतो. ते शेरा लिहितात आणि तो शेजारच्या चौकटीत घुसतो. ‘मा. डा. दिवा मंद, काच पुसली, आता बरा.’ ‘पेटीतल्या पट्ट्या स्टाफ नेतो.’ ‘उजवे आरशामागे कोळी. हलवला.’ हा शेवटचा शेरा ऑडिटमध्ये अर्धा तास चर्चेला होता.

दर सोमवारी संकटकालीन दार उघडून बंद करायचं, हा आणखी एक नेम. नेमका तिथे कोणीतरी खिडकीला डोकं टेकवून झोपलेला असतो. ‘‘उठा, दार बघायचंय.’’ तो चिडतो. मामा शांतपणे विचारतात, ‘‘खरी येळ आली तर कुठल्या वारी येईल, सांगता?’’

कंपनीतला नवा पोरगा, गाडीपेक्षा मोबाईल जास्त चालवणारा, एकदा म्हणाला, ‘‘मामा, आता सगळं डॅशबोर्डवर कळतं. काही झालं की दिवा लागतो.’’ ‘‘लागतो ना,’’ मामा म्हणाले, ‘‘पन घाटात लागतो. गॅरेजसमोर लागलेला मी तरी बघितला न्हाई.’’

सहलीला हेच मामा हवेत, म्हणून सगळे भांडतात, आणि सहलीत सगळे त्यांच्यावर वैतागतात. महाबळेश्वरहून परतताना पसरणी घाट उतरून वाईत आलो. मंडळी ढोल्या गणपतीला गेली. मामा बसभोवती फिरत होते, प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन ऊब बघत. सगळी चाकं सारखी तापलेली असली तर ठीक. एखादंच जास्त तापलं तर तिथला ब्रेक चिकटतोय. प्रसाद द्यायला गेलो तर म्हणाले, ‘‘थांबा, दोन चाकं राह्यलीत.’’

पुढे कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला. शेजारून ट्रक सुसाट चाललेले. मामा खालच्या गिअरमध्ये, इंजिन घुमतंय, बस रांगतेय. मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘मामा, न्यूट्रल टाका की, डिझेल वाचेल!’’ आरशातून मामांनी ओरडणाऱ्याला शोधून काढलं. ‘‘डिझेल कंपनीचं हाय साहेब. ब्रेक मात्र तुमचा, माझा, आन् त्या म्होरच्या रिक्षावाल्याचा.’’ न्यूट्रलमध्ये गाडीला इंजिनचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, तापून तापून तो धरेनासा होतो. ही शिकवणी वारज्यापर्यंत चालली. अंताक्षरी मोडली ती मोडलीच.

ड्यूटी संपली तरी खोड सुटत नाही. रिक्षात बसण्याआधी मामा तिला एक फेरी मारतात. रिक्षावाला समजतो, गिऱ्हाईक भाव पाडतंय. दसऱ्याला झेंडूचा हार बसला घालायच्या आधी पूर्ण तपासणी होते. ‘‘आपलं काम देवावर कशाला टाकायचं?’’ मग चाकाखाली लिंबू ठेवतात, तेही मोजून, कारण लिंबूसुद्धा राहून जाता कामा नये.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात ते खरोखरीचे मामा होते. डोक्याला फेटा, हाताशी शालू सावरणारी नवरी; मामांनी तिला बोहल्यावर आणलं, मागे उभे राहिले, सगळं रीतसर. पाठवणीची वेळ झाली. सनई, रडारड, नवरी आईच्या गळ्यात. दारात नवरदेवाची गाडी, गुलाबांनी मढलेली. मामा डोळे पुसत पुढे झाले आणि थांबले. इंडिकेटरवर जर्बेरा, नंबरप्लेटवर दोघांच्या नावाचा थर्माकोल, आरशावर झालर.

‘‘हे काय?’’

फेट्यासकट मामा उकिडवे बसले. फुलं काढू लागले. स्टिअरिंगवर बसलेल्या नवरदेवाच्या मित्राला हुकूम सुटले. ‘‘ब्रेक दाबा. सोडा. डावा सिग्नल. उजवा. रिव्हर्स टाका.’’ सनईवाल्याने सनई खाली ठेवली. विहीणबाई कलश घेऊन तशाच. नवरी हुंदका गिळून मागच्या दिव्यांकडे वाकली, ‘‘मामा, डावीकडचा लागत नाही हं.’’ मामांनी मुठीने एक ठोसा दिला. दिवा लागला.

मामांनी हात झटकले, चहूकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘हां. आता रडा.’’