ठासणीचे तात्या

तात्यांकडे बंदूक आहे हे आमच्या वाडीतल्या रानडुकरांना ठाऊक आहे. ती कसली बंदूक आहे हेही त्यांना ठाऊक असावं. कारण तात्या माळ्यावर चढले म्हणून ती पळत नाहीत. फार तर शेजारच्या कुणग्यात सरकतात.

बंदूक ठासणीची. परवान्यावर तिचं नाव 'एस.बी.एम.एल.', म्हणजे सिंगल बॅरल मझल लोडिंग. नळी एक, आणि जे काय भरायचं ते तिच्या तोंडातून भरायचं. परवाना शेतीसंरक्षणाचा, तात्यांच्या वडिलांच्या नावावरून तात्यांच्या नावावर आलेला. तळकोकणात अशा बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत आणि त्या बहुतेक अशाच वारसाने आलेल्या. तात्यांच्या घरी वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याने कलमं घेतली, धाकट्याने रस्त्याकडची जागा घेतली. तात्यांनी बंदूक घेतली. काकींना हे अजून पचलेलं नाही. परवाना नूतनीकरणाची तारीख आली की त्या न चुकता कलमांचा विषय काढतात. पूर्वी तो दर तीन वर्षांनी निघायचा. २०१९ला कायदा बदलला, परवाना पाच वर्षांचा झाला, तेवढा तात्यांचा संसार सुखाचा झाला.

ठासणीवाला आणि काडतूसवाला हे दोघेही बंदूकवालेच, पण त्यांचं एकमेकांशी पटत नाही. काडतूसवाला बंदूक मोडतो, काडतूस सरकवतो, मिटतो, चाप ओढतो. तात्यांच्या लेखी ही म्हणजे दुकानातून इडलीचं पीठ आणणारी सून. पीठ कधी भिजवलं, उडीद किती, काही माहिती नाही, इडली मात्र हिची. ठासणीवाला सगळं स्वतः वाटतो. दारू स्वतः सुकवतो. कोकणात पावसाळ्यात पापड सादळतात, मीठ सादळतं, माणसं सादळतात, तिथे दारूची काय कथा! तिच्यातला सोरा ओल धरतो. म्हणून गणपती गेले, जरा ऊन पडलं, की तात्या चुलीपासून लांब, अंगणाच्या पार टोकाला वर्तमानपत्र पसरून दारू वाळत घालतात आणि काठी घेऊन राखण करत बसतात. एकदा त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे येत होते. त्यांनी बेड्यावरच शेजारच्या पोराला विचारलं, "तात्या घरात आहेत का?" पोर म्हणालं, "आसत. दारू घेवन बसलेत." पाहुणे तिथूनच परतले. पुतणीचं पुढे चांगलं झालं, पण तात्या त्या पोराशी अजून बोलत नाहीत.

बंदूक भरणं म्हणजे काय, ते मी एका ऑक्टोबरात पाहिलं. भाताची कापणी आठ दिवसांवर आलेली, लोंबी भरलेली, डुकरांचा रतीब सुरू झालेला. मी तात्यांबरोबर माळ्यावर गेलो. चांदणं होतं. खाली कच कच आवाज येत होता.

"तात्यानू, डुकर इले!"

"गप रव."

तात्यांनी पिशवी उघडली. बंदूक उभी धरली, दस्ता पायांत, नळीचं तोंड आभाळाकडे आणि स्वतःचं तोंड बाजूला. आधी गज नळीत सोडून पाहिला. त्यावर दोन खुणा आहेत, एक लाल दोऱ्याची आणि एक काळ्या. लाल खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी, काळी आली तर भरलेली. काल आपण ती भरून ठेवली होती की नव्हती, याबाबत तात्यांचा तात्यांवर विश्वास नाही. मग डबीतून दारू पितळेच्या मापात घेतली आणि अंगठ्याने माप काठोकाठ सारखं केलं. डबीतून थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी धुमसत असली, तर पेटते ती मापाएवढी दारू. डबी लावली असती, तर डबीसकट हात गेला. हे तात्यांनी मला खुणेने सांगितलं. उजव्या हाताची बोटं मिटून दाखवली, तेवढ्यावरून मी समजलो.

मग काथ्याचा बोळा. तो गजाने ठासायचा. मग छर्रे, मोजून. मग ते घरंगळून बाहेर येऊ नयेत म्हणून कागदाचा बोळा. कागद वर्तमानपत्राचा, त्यातही अग्रलेखाचं पान. त्या पानात फोटो कमी, म्हणून ते घट्ट बसतं असं तात्यांचं मत आहे. पुन्हा गज. इथे तात्यांनी कान नळीला लावला. दारू आणि तिच्यावरचा ऐवज यांत पोकळी राहिली तर नळी फाटते. म्हणून गज आपटून बघायचा. आत ढिलं असेल तर 'थप' वाजतं. घट्ट बसलं की 'ठण' वाजतं आणि गज हातभर उडी मारतो. गजाने उडी मारली. तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी सत्यनारायणाच्या पूजेनंतर भटजींच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. गज काढून ठेवला. (तो नळीतच राहिला आणि बार निघाला, तर गज शेजारच्या गावात जातो. तसा तो एकदा गेला होता. शेजारच्या गावाने परत दिला नाही.) शेवटी घोडा अर्धा उचलून त्याच्याखाली तांब्याची चिमुकली केप बसवली.

मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. खाली कच कच थांबली होती. पोट भरलं असणार.

"तात्यानू, गेले ना!"

"जातले खंय? उद्या येतले." आणि मग जरा रागानेच, "घाई कित्याक? डुकर काय एष्टी पकडूक चल्लो हा?"

भरताना कुणी बोलायचं नाही हा नियम काकींच्या एका प्रश्नामुळे झाला. गोष्ट त्यांनीच सांगितली, तात्या सांगणार नाहीत. तात्या माप हातात घेऊन बसलेले असताना काकी पडवीतून म्हणाल्या, "दूध घेतलात?" तात्या म्हणाले, "घेतलंय." आणि पुढच्या कामाला लागले. काथ्या घातला, छर्रे घातले, कागद घातला, सगळं छान ठासलं. दारू मापातच. आता हा बार उडणार कसा, आणि बाहेर निघणार कसा? ठासणीच्या बंदुकीला मागून दार नाही. जे तोंडातून गेलं ते तोंडातूनच यायला हवं. गजाच्या टोकाला स्क्रू लावून तात्या दोन दिवस अंगणात दाढ काढल्यासारखे बंदुकीशी झटत होते. तेव्हापासून बंदूक हातात असेपर्यंत तात्या सोवळ्यात असतात.

त्यांचा एक भाचा अमेरिकेत आहे, पेनसिल्व्हेनियात. त्याने एक दिवस व्हिडिओ कॉलवर बातमी दिली की त्याने तिथे ठासणीची रायफल विकत घेतली. तात्यांना आधी वाटलं, पोराची नोकरी गेली. नाहीतर अमेरिकेत राहून कोण ठासणी घेईल? पण तिथे हा शौक आहे. १९७४ पासून त्या राज्यात गारगोटीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा वेगळा हंगाम आहे. नाताळ उलटला, बर्फ पडलं, की लोक हौसेने दोनशे वर्षं मागे जातात. केपसुद्धा चालत नाही. घोड्याच्या दातात गारगोटी धरायची, ती पोलादावर आपटून ठिणगी पाडायची, ठिणगीने बाहेरच्या बशीतली रंजक पेटायची आणि तिची आग नळीच्या कानातून आत जायची.

निवडायला भाच्याने आठ महिने लावले. नळी किती लांबीची, आतले आटे कसे. गोल गोळीला संथ पिळाचे आटे लागतात, पाचसहा फुटांत एक फेरा. निमुळत्या लांब गोळीला पीळ जास्त हवा. शेवटी त्याने पेनसिल्व्हेनियाचीच म्हणतात ती सडपातळ लांब नळीची रायफल घेतली. अठराव्या शतकात तिथे स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी घडवलेला तो घाट, अर्थात ही नवी नक्कल.

"आठ म्हयने?" तात्या म्हणाले. "तुझ्या मामीक बघूक माका आठ मिन्टां लागली नाय."

"म्हणानच फसलंय मी," आतून उत्तर आलं.

भरण्याची रीत ऐकून तर तात्या उठून उभेच राहिले. तिथे काथ्या नाही. गोळी नळीपेक्षा किंचित लहान घ्यायची, ती चरबी लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळायची आणि दोन्ही मिळून ठासायची. फडकं आट्यांत घट्ट बसतं, गोळीला फिरकी देतं आणि तोंडातून बाहेर पडल्यावर आपण गळून पडतं.

"म्हणजे गोळयेक लंगोटी नेसवतत!"

थोडा वेळ हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. चरबी म्हटल्यावर त्यांना १८५७ आठवलं. एन्फिल्ड रायफलही तोंडातूनच भरायची होती, काडतुसाचा कागद दातांनी फोडून दारू आत ओतायची, म्हणून तर ते चरबीचं प्रकरण पेटलं. तात्यांचा हा आवडता इतिहास आहे. ते तो अशा सुरात सांगतात, की सत्तावन्नचा उठाव मुळात ठासणीवाल्यांनी काडतूसवाल्यांविरुद्ध केला असं वाटावं.

भाच्याचा पहिला हंगाम फुकट गेला. तीन तास बर्फात बसून हरीण आलं, चाप ओढला, बशीतली रंजक भुर्रकन जळली आणि आतला बार निघालाच नाही. हरणाने मान वर करून पाहिलं म्हणे. तात्यांनी तेरा हजार किलोमीटरवरून निदान केलं, "कानात मळ साठलो आसतलो. काडी घाल." भाच्याने कानात काडी घातली. मळ होता.

त्यानेच एकदा गेटिसबर्गची हकीकत सांगितली. गाव त्याच्याच राज्यातलं. १८६३च्या जुलैत तिथे यादवीतली मोठी लढाई झाली. नंतर रणांगणावरून सुमारे सत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या, तर बहुतेक भरलेल्याच. हजारोंत दोन-दोन बार एकावर एक ठासलेले, आणि एकीत म्हणे तेवीस. गोंधळात माणसं भरत राहिली, पण बार निघतोय की नाही ते कुणाला कळलं नाही. मला ऐकून कसंसंच झालं. तात्या बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "त्येंका कोणी मधीच 'दूध घेतलात?' म्हणान इचारल्यान आसतला."

तात्यांनी आजवर डुक्कर मारलेलं नाही. शिकार हा शब्दही ते उच्चारू देत नाहीत. १९७२च्या कायद्याने शिकार संपली. डुकराला हात लावायचा तर वन खात्याची परवानगी आधी. तात्या करतात ते संरक्षण, म्हणजे हवेत बार. मग मोजून छर्रे कशाला, असं मी एकदा विचारलं. "नुसती दारू उडवक ही काय दिवाळी?" पण हवेतला बारसुद्धा वर्षाकाठी एखादा. एक तर वेळेत भरून होत नाही, आणि दुसरं म्हणजे निवडणूक.

आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. २००९ साली विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला होतं, २०१४ला १५ ऑक्टोबरला, २०१९ला २१ ऑक्टोबरला. भात पिकायला आणि बंदूक ठाण्यात जायला एकच गाठ. महाराष्ट्राची विधानसभा डुकरांना विचारून ठरवतात, असा तात्यांना पक्का संशय आहे. २०२४ला मतदान २० नोव्हेंबरला गेलं म्हणून त्यांना जरा आशा वाटली होती, तर आचारसंहिता १५ ऑक्टोबरलाच लागली.

नोटीस आली तेव्हा बंदूक आदल्या रात्रीची भरलेली होती. भरलेली बंदूक ठाण्यात घेऊन जाणं बरं नव्हे, आणि रिकामी करायची सरळ वाट एकच. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, तात्यांनी बांधावर उभं राहून बार काढला. धुराचा ढग एवढा आला की तात्या दिसेनात. कावळे उडाले, शेजारच्या म्हशीने दावं तोडलं, काकींच्या हातातली कळशी सांडली. आणि करवंदीच्या जाळीतून एक भलंमोठं डुक्कर खरोखरच सुसाट पळालं. वर्षातला एकमेव बार, आणि तो लागू पडला. ते पाहायला तिथे फक्त मी होतो आणि मी सांगितलेलं कुणी खरं मानलं नाही. मग कढत पाणी ओतून नळी धुणं आलं, कारण या दारूची काजळी रात्रभर राहिली तर लोखंड खाते. मग सुकवणं, खोबरेल चोळणं. दुपारी बंदूक गोणपाटात गुंडाळून एष्टीने ठाण्यात. तिथून पावती.

त्या रात्री मी माळ्यावर गेलो तर तात्या आधीच बसलेले, शेजारी पत्र्याचा डबा आणि काठी. साडेअकराच्या सुमारास खाली कच कच सुरू झाली. मी डब्याकडे हात नेला. तात्यांनी तो धरला. मग त्यांनी पायांत काहीतरी उभं धरलं, तोंड बाजूला केलं, अंगठ्याने हवेतलं माप सारखं केलं. बोळा घातला. ठासलं. पुन्हा ठासलं, कान लावला. मला विचारावंसं वाटत होतं, पण मी गप्प राहिलो. शेवटी केप बसवून त्यांनी खांद्याशी हात नेले, डावा डोळा मिटला आणि रानभर घुमेल असा आवाज दिला, "ठो!"

कच कच थांबली. दोन श्वास. मग पुन्हा सुरू झाली.

"केप सादळली हा," तात्या पुटपुटले, आणि त्यांनी डबा ओढून घेतला.