भंगारातल्या बॅटरीला बोलतं कसं करावं

सर्वप्रथम इलेक्ट्रिक गाडीचा एक बॅटरी पॅक मिळवा. बंगळुरूत हे फारसं अवघड नाही. 2022च्या सप्टेंबरात पावसाने आउटर रिंग रोडची दैना केली, बेळ्ळंदूरच्या बाजूला बेसमेंटमधल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हटलेली गाडी पुढे तुकड्यातुकड्यांनी कुठे ना कुठे विक्रीला येतेच. शिवाजीनगरच्या गुजरीत विचारून पाहा. दुकानदार दखनीत सांगेल, ‘पॅक एकदम फर्स्ट क्लास है सार!’ पॅक नेहमीच फर्स्ट क्लास असतो. निकालात निघालेली असते ती फक्त गाडी.

रेवाच्या काळात हा अभ्यासक्रम सोपा होता. 2001 साली याच शहरात तयार झालेल्या त्या चिमुकल्या गाडीत सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या असत, एकूण 48 व्होल्ट. प्रत्येकीला मल्टीमीटर लावला, की आजारी कोण ते कळे. आता नेक्सॉन ईव्हीचंच घ्या: 2020च्या पहिल्या मॉडेलचा पॅक 320 व्होल्टचा, सीलबंद, आणि आत बीएमएस नावाचा कारभारी. सेलची खुशाली विचारायची, तर त्याच्यामार्फतच.

इथे थोडा वेळ थट्टा बंद. 60 व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक धरतात आणि तुमच्यासमोर त्याच्या पाचपट आहे. सर्व्हिस प्लग काढला की पॅक ‘बंद’ झाला, असं वाटेल. तसं होत नाही. साखळी मध्ये तुटते, पण प्रत्येक तुकडा आपापला व्होल्टेज राखून असतो. म्हणून झाकण उघडू नका आणि कॉन्टॅक्टर ओढायचा प्रयत्न करू नका. बीएमएसशी बोलायला फक्त 12 व्होल्ट आणि कॅन बसच्या दोन वळलेल्या तारा लागतात. पॅक पुरात बुडालेला असेल, तर तेवढंही नको; ज्याच्याकडे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, 1000 व्होल्टचे हातमोजे आणि मोकळं आवार आहे, त्याच्याकडे जा. अपार्टमेंटचं पार्किंग म्हणजे मोकळं आवार नव्हे, सेक्रेटरी कितीही ओळखीचे असले तरी.

आता एसपी रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. तिथे एमसीपी2515 चिपचं एक छोटं बोर्ड मिळेल. कॅनच्या दोन तारांमध्ये, वीज बंद असताना, 60 ओम दिसायला हवेत: दोन टोकांना 120चे दोन रोध. गाडीतून सुटून आलेल्या पॅकचं दुसरं टोक गाडीतच राहिलेलं असतं, त्यामुळे बहुधा 120च दिसतील. मग बोर्डावरचा जंपर लावा. हे सगळं बरोबर जमलं, की स्क्रीनवर काहीही येणार नाही. घाबरू नका, ही प्रथाच आहे. बोर्डावरच्या चकचकीत क्रिस्टलवर 8.000 लिहिलेलं असतं आणि तुम्ही उतरवून घेतलेला प्रोग्रॅम 16 मेगाहर्ट्झ गृहीत धरून चाललेला असतो. तो आकडा बदला.

मग संवाद सुरू होतो, तो तालुका कचेरीच्या खिडकीवर होतो तसाच. तुम्ही 22 या निदान-सेवेखाली माहिती मागता. उत्तर 62ने सुरू झालं, तर तुमचं नशीब. 7एफ 22 31 म्हणजे ही मागणी आमच्या कक्षेत बसत नाही. 7एफ 22 78 म्हणजे काम चालू आहे, थांबा. 7एफ 22 33 म्हणजे माहिती आहे, पण तुम्हाला नाही. कोणत्या क्रमांकाखाली काय ठेवलंय, ते ज्याची त्याची कंपनी ठरवते आणि सहसा सांगत नाही.

समजा, 0सी ई4 असे दोन बाइट हाती आले. त्यांचे दशमान 3300, म्हणजे 3.3 व्होल्ट, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलला साजेसं. हेच उलट्या क्रमाने वाचलंत तर एकटा सेल 58 व्होल्ट दाखवील आणि तुम्हाला शोध लागल्याचा भास होईल. तापमानाचंही तेच. 68 दिसताच नवशिका पाण्याची बादली आणायला धावतो. त्यातून 40 वजा करायचे असतात, ही बऱ्याच गाड्यांची रीत. उरले 28, बंगळुरूची दुपार.

शेवटी तो आकडा येतो, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप: एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, 91 टक्के. दुकानदार याचाच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. तो फोटो किमतीच्या हिशोबातून काढून टाका. व्होल्टेज मोजलेला असतो; एसओएच म्हणजे कारभाऱ्याचं मत, तेही गाडी शेवटची धावली तेव्हाचं. एलएफपीच्या बाबतीत तर त्यालाही मत बनवणं कठीण, कारण 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान व्होल्टेज जेमतेम हलतो. निवांत पडलेल्या पॅकमध्ये म्हातारा सेल आणि तरणा सेल सारखेच दिसतात. भार टाकला की म्हातारा आधी खाली बसतो. म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सेल यांतला फरक भाराखाली पाहा, आणि पूर्ण भरून पूर्ण रिकामा करताना किती अँपिअर-तास निघाले, ते मोजून घ्या. याला एक अख्खा दिवस आणि जाणकार माणूस लागतो. नेमकं तेच कोणाला नको असतं.

फॉल्ट कोड दिसले तर पुसण्याआधी उतरवून घ्या. एकही कोड नसेल तर जास्त सावध व्हा. अपघातातल्या गाडीच्या पॅकवर एकही नोंद नाही, याचा अर्थ बहुधा तुमच्या आधी कोणीतरी सफाई करून गेलंय.

खात्रीचा पॅक निघाला तर त्याला दुसरं आयुष्य खुशाल द्यावं. बंगळुरू आणि बर्लिन इथल्या नुनाम या कंपनीने 2022 मध्ये ऑडीच्या चाचणी-गाड्यांतल्या ई-ट्रॉन बॅटऱ्यांवर चालणाऱ्या तीन ई-रिक्षा तयार केल्या होत्या. बाद निघाला तर मात्र तो घंटागाडीत टाकू नका आणि गुजरीत परतही नेऊ नका: 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली तो संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेच जायला हवा.