आधी सांगणारा, मग रस्ता

जळगावहून धुळ्याला एसटी महामार्गाने एरंडोल, पारोळा करत जाते. रेल्वेने जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. टप्पे मोजणारा म्हणेल, चाळीसगावमार्गे जा, मध्ये एकच ठिकाण. रस्त्याची रुंदी पाहणारा म्हणेल, महामार्ग सोडू नका. दोघंही खरं बोलतात, पण दोघांच्या आकड्यांची वजाबाकी होत नाही. इंटरनेटची पाकिटं पुढे ढकलणाऱ्या राउटरची रोजची पंचाईत हीच. 'रिप' हा प्रोटोकॉल मधले राउटर मोजतो, तेही 15 पर्यंत. सोळावा आला की त्याच्या लेखी जग संपलं. 'ओएसपीएफ' तारेची क्षमता पाहून खर्च मांडतो. रिपचे 2 आणि ओएसपीएफचे 20 यांची तुलना करणारच कशी? म्हणून राउटर रस्ता बाजूला ठेवून अस्सल खानदेशी चौकशी करतो: "पण सांगतंय कोण, भो?"

या चौकशीचं कोष्टक राउटरच्या पोटात असतं. आकडा लहान, तितका विश्वास मोठा. सिस्को कंपनीच्या राउटरवर दाराला लागून असलेल्या जाळ्याला 0, माणसाने हाताने लिहिलेल्या वाटेला 1, ओएसपीएफला 110, रिपला 120. सिस्कोचं स्वतःचं अपत्य 'ईआयजीआरपी' मात्र 90 वर. आपला तो बाब्या. बाहेरच्या संस्थेच्या राउटरने 'बीजीपी' प्रोटोकॉलने कळवलेल्या वाटेला 20, आणि तीच घरातल्या राउटरने कळवली तर 200! पिकतं तिथे विकत नाही, हे केळीच्या जिल्ह्याला काय सांगायचं? तरी यात तथ्य आहे. आपल्याच दारातून बाहेर पडता येत असेल, तर पाकीट घरभर फिरवायचं कशाला?

कोणी म्हणेल, हा तर वशिला झाला. झालाच, पण तो चालतो फक्त दोघांनी हुबेहूब एकच पत्ता सांगितला तर. हाताने लिहिलेली वाट नुसतं 'धुळे' म्हणत असेल आणि बिचारा रिप 'धुळे, देवपूर' म्हणत असेल, तर देवपूरच्या पाकिटासाठी रिपचंच ऐकलं जातं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणसाची वाट हट्टी. दारासमोरची तार जिवंत असेपर्यंत पुढे पूल पडला तरी ती बोट त्याच दिशेला दाखवते. त्यावर उपाय असा, की तिला मुद्दाम 130 द्यायचे. मग ओएसपीएफ गप्प झाला तरच तिला विचारतात. घरोघरच्या ज्येष्ठांना असं बसवणं मात्र अजून कोणाला जमलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. हे कोष्टक ज्याचं त्याच्यापाशी. शेजाऱ्याला ते कळतही नाही. ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेल्या वाटेला सिस्को 110 देतो, जुनिपर ही दुसरी कंपनी 150. रिपला सिस्को 120, जुनिपर 100. म्हणजे एकाचा शहाणा तो दुसऱ्याचा बावळट. एरंडोलला सिस्को आणि पारोळ्याला जुनिपर बसवून दोन्ही प्रोटोकॉल बेफिकीरपणे एकमेकांत मिसळले, तर धुळ्याचं पाकीट त्या दोघांतच येरझारा घालू शकतं. प्रत्येक राउटरवर त्याचं आयुष्य एकेकाने घटतं, शून्यावर आलं की ते टाकून देतात, आणि जळगावला रीतसर चिठ्ठी धाडतात की मुदत संपली.